पुठ्ठ्याचा पडदा

मिलवॉकीत, कर्टिसच्या तळघरात, टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायचा राक्षस-जादूगारांचा नवा खेळ कुठला घ्यायचा यावरून पाच जणांत जुंपली होती. तळलेलं चीज तसंच गार झालं होतं. कर्टिसला खुल्या जगाचा खेळ हवा होता. त्यात ठरलेली गोष्ट नाही, नकाशावर वाटेल तिकडे जायचं आणि फासे सगळ्यांसमोर टाकायचे. आपलं पात्र मेलं, की मेलं.

गोष्ट सांगत खेळ चालवणारा रसेल मात्र राक्षसांचे फासे कायम टेबलावर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या पडद्याआड टाकायचा आणि काय पडलं ते नुसतं सांगायचा.

"पडदा जाणार असेल तर मीही जातो," तो म्हणाला.

"एवढं लपवायचंय काय तुला?" कर्टिस म्हणाला. "लबाडी करतोस, ते कळत नाही का आम्हाला?"

मतं दोन-दोन पडली. उरली लोर्ना. तिचा नवरा व्हर्न वारला, तेव्हापासून त्याने घडवलेलं म्हाताऱ्या सरदाराचं पात्र तीच खेळते. इतक्या लढाया झाल्या, पण सरदाराला कधी खरचटलंही नाही.

लोर्नाने हात पुढे केला आणि पडदा मिटून ठेवला.

 

"खूप सांभाळलंस तू त्याला, रसेल. आता जाऊ दे."