चॉकलेटचा डबा

"घ्या, तोंड गोड करा. आमचा टिल्लू बोलला."

शिलाईच्या कारखान्यात ती सकाळपासून डबा घेऊन टेबलाटेबलांवरून फिरत होती. तिचं काम कॉलरला लेबल शिवायचं. घरी गेलं की तोच हात टिल्लूच्या सदऱ्यांची लेबलं उसवायचा, कारण मानेला लेबल टोचलं की पोरगं घर डोक्यावर घ्यायचं. चार वर्षांचा झाला, तरी तोंडातून शब्द म्हणून नाही. नातेवाइकांचे नाही नाही ते सल्ले ऐकून कान किटले होते तिचे. "बोलेल गं, पहिला शब्द आईच असतो," एवढं एकच वाक्य तिनं जपून ठेवलं होतं. त्याच्यावर ती अक्षरशः जगत होती.

"आई म्हणाला ना?" काजं करणाऱ्या मावशींनी विचारलं.

"मलाच म्हणाला. माझ्याकडे बघून."

"बघ, मी सांगत नव्हते?" मावशींनी डोळे पुसले आणि लगे हात दुसरं चॉकलेट उचललं. एरवी कपाळाला आठ्या घालून फिरणाऱ्या सुपरवायझरनंही एक घेतलं आणि तिला तासभर आधी घरी पाठवलं. म्हणजे बघा.

घरी नवरा तिच्या आधीच पोचला होता. तो मालगाडीवर ड्रायव्हर, आठवडाभर बाहेर होता. फोनवर तिनं फक्त "बोलला" एवढंच सांगितलेलं. दुपारपासून तो टिल्लूपुढे मांडी घालून बसला होता.

"आई म्हण, आई म्हण करून घसा बसला माझा. साहेब आपले स्टीलच्या डब्याचं झाकण फिरवतायत."

ती हसली. हात धुऊन आली आणि टिल्लूपासून हातभर लांब बसली.

हे नवीनच होतं. रोज संध्याकाळी ती आल्या आल्या त्याला उचलून छातीशी घट्ट आवळायची. टिल्लू मिठीत एकदम गप्प व्हायचा. "माझ्याजवळ कसा शांत होतो बघा," हे सांगताना तिला आभाळ ठेंगणं व्हायचं.

"आज मिठी नाही?" नवऱ्यानं विचारलं.

"आता विचारून." तिनं दोन्ही हात पुढे केले. टिल्लूनं हातांकडे पाहिलं आणि पुन्हा झाकण फिरवायला घेतलं. तिनं हात मागे घेतले. चेहरा मात्र फुलला होता.

"पोरगं ढुंकून बघत नाही आणि तू हसतेस काय? बरं, सांग तरी, काल आई कसं म्हणाला?"

"आई कुठं म्हणाला?" तिचे डोळे भरून आले, पण मान ताठ होती. "काल रोजच्यासारखा घट्ट धरला होता. त्यानं माझ्या छातीला दोन्ही हात लावले, सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'सोड.'"