तुरटीचा खडा

तान्हं दुपारपासून रडायचं थांबेना. दृष्ट काढायला घरात तुरटी होती ती एकच, खिडकीतल्या ग्लासात. थोरल्या ज्ञानेश्वरीनं सास्तूरच्या शाळेतल्या प्रयोगासाठी दोऱ्याला टांगलेली. दोन वेण्यांची पोर तापानं गेली, पण पाणी आटत गेलं तसा खडा वाढतच राहिला, दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून जोडावेत तसा. तिच्या आईनं, अयोध्यानं, वर्षभर त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. आज तिनंच दोरा तोडला.

सासूनं खडा बाळावरून ओवाळून निखाऱ्यावर टाकला. तुरटी फसफसून फुगली.

"ज्याची दृष्ट, त्याचं तोंड दिसतंय त्यात. बघ, कुणाचं हाय?"

अयोध्या वाकली. दोन वेण्या तिनं लगेच ओळखल्या.

तिनं निखाऱ्यात हात घातला. "आत्या, पोळतंय की तिला."