पहिला घोट देणाऱ्याचा

कोयत्याचा पहिला घाव दारावर बसला, दुसऱ्याने कडी उडाली. इकेंबा आत शिरला तेव्हा वॉचमन ओकोरोचं रक्त त्याच्या सदऱ्यावर उडालेलं होतं. मागे त्याची बायको उलोमा, पोरीला छातीशी धरून. पोर चार-पाच वर्षांची. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, पाय मधूनच ताठ होत होते. मलेरिया डोक्यात चढला की असंच होतं, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"औषध काढ," इकेंबा म्हणाला.

ओबियागेली कपाटाला पाठ लावून उभी राहिली. कॉलेजची ही प्रयोगशाळा तिची आणि कपाटातली तपकिरी बाटलीही तिचीच. एग्बूच्या झाडाच्या सालीचा काढा चांदीच्या क्षारात मिसळला की डोळ्यांना न दिसणारे चांदीचे कण तयार होतात. सालीतलं औषध पाठीवर घेऊन ते रक्तात शिरतात आणि थेट मलेरियाच्या जंतूला गाठतात. उंदरांच्या रक्तातले जंतू साफ झाले तेव्हा रेडिओवर बातमी आली, गावाने आपल्या झाडाच्या नावाने बकरा कापला. पुढच्या आठवड्यात उंदरांची यकृतं काळी पडून ते पटापट मेले, ती बातमी द्यायला मात्र रेडिओवाले आले नाहीत.

"दादा, हे माणसाचं औषध नाही अजून. उंदीर मेलेत यानं. माझी गाडी आहे, नदीपलीकडे मिशनच्या दवाखान्यात इंजेक्शन मिळेल..."

तिच्या थोबाडीत बसली. चष्मा उडून बेसिनखाली गेला.

"त्याच मिशनच्या दारात माझा थोरला गेला! इथल्या सरकारी दवाखान्याला कुलूप, संप आहे म्हणे. आणि तू मला पुन्हा तिथंच धाडतेस? झाड आमचं. साल मी सोलून दिली, या हातांनी. तेव्हा 'दादा, दादा' करत होतीस. आज माझी पोर म्हटल्यावर उंदीर आठवले होय? कुणासाठी ठेवलंय, राजधानीत अबुजाला बसलेल्या साहेबांच्या लेकरांसाठी?"

शिकलेल्या माणसाचं खरं बोलणं गरिबाला बहाणाच वाटतं, आणि त्यात गरिबाचं फारसं चुकतं असंही नाही. इकेंबाने तिला केसांना धरून फरशीवर आपटलं. कपाटाची काच फोडली. चंबू, नळ्या, सगळं धडाधड खाली आलं. बाटली मात्र त्याने हळूच उचलली, कोंबडीखालचं अंडं उचलावं तशी.

बूच काढलं आणि तो थांबला. त्या मुलखात परक्याच्या भांड्यातलं कुणी आधी आपण पीत नाही. ताडी असो की काढा, पहिला घोट देणाऱ्याचा. देणारा प्यायला म्हणजे त्यात विष नाही. इकेंबाचं डोकं फिरलं होतं, पण एवढं विसरण्याइतकं नाही.

"पी," त्याने बाटली पुढे केली.

उजव्या हातावर भार देऊन ती उठत होती, म्हणून तिचा डावा हात पुढे आला. त्याने त्या हातावर लाथ मारली.

"डावा हात? मला? मी काय कुत्रा आहे तुझ्या दारचा? उजवा काढ!"

तिने उजव्या हातात बाटली घेतली. एका घोटाने मोठं माणूस मरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! एक घोट घेतला की तो कोयता खाली ठेवेल. बाहेर कण्हत पडलेल्या ओकोरोला कुणीतरी उचलेल, आपण घरी जाऊ. आणि ही उलोमा उरलेली बाटली पोरीच्या दातांतून आत ओतेल.

"नाही पिणार."

"काय?"

"विष आहे हे. मी पिणार नाही."

कोयता तिच्या मानेला टेकला. भीतीने तिच्या कपड्यांत लघवी झाली, ती तिलाच ऐकू आली. तरी तिने मान हलवली, नाही.

आपल्या भांड्यातलं जो पीत नाही, त्याने गुन्हा कबूल केला असंच तिथे समजतात. इकेंबा ओरडला.

"आमच्या झाडाचं विष केलंस!"

कोयता मनगटावर उतरला. बाटली फुटली, आणि तपकिरी पाण्यात बाटली धरणारा हातही पडला. ओबियागेलीच्या किंकाळीने पोरसुद्धा दचकली. इकेंबाने कोयता पुन्हा उचलला.

"थांबा!" उलोमा पहिल्यांदाच बोलली. "ती प्यायली असती तर मी पाजलं असतं हो पोरीला."

कोयता वरच राहिला. पोर पुन्हा ताठ झाली, तिच्या ओठांतून फेस आला.

ओबियागेलीने दातांनी ओढून उजव्या मनगटाला ओढणी आवळली. चेहरा पिठासारखा झाला होता. तिने डाव्या हाताने खिसा चाचपला.

"गाडी मागच्या अंगणात आहे. क्लच कडक आहे, जोर लावून दाब. ओकोरोला पुढे बसव, मी मागे बसते उलोमाजवळ. तिथं पोचलो की आधी पोरीला इंजेक्शन द्या म्हणावं, मग माझं बघा."

तिने किल्ली पुढे केली. डाव्याच हाताने.

इकेंबा त्या हाताकडे बघत राहिला. मग कोयता टाकून तो काचांवरच गुडघे टेकून बसला आणि त्याने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.