बुडालेला दवाखाना

आप्पासाहेब मोहिते नुसते खाकरले, तरी विश्वस्तांचा चहा कपातल्या कपात गार व्हायचा, असा त्यांचा दरारा. संस्थेच्या या अध्यक्षांपुढे आधीचे तीन संचालक टिकले नव्हते. चौथी संचालक वसुधा आज त्यांच्या दारात उभी होती आणि इतकी लटपटत होती, की दाराची कडीसुद्धा वाजायला लागली.

"आत या, नाहीतर दार निखळेल," आतून आवाज आला.

"आप्पासाहेब, आपला लाँचवरचा तरंगता दवाखाना पहाटे धरणात बुडाला. माणसं सगळी वाचली. वारा आहे, लाँच सोडू नका, असं तुम्ही बजावलं होतंत. पण पलीकडच्या वाडीत एक बाई बाळंतपणात अडली होती, म्हणून मी सोडली." तिनं डोळे गच्च मिटले. नोकरी गेलीच होती. आता गर्जना तेवढी ऐकायची होती.

गर्जना झालीच नाही. तिनं भीत भीत डोळे उघडले. आप्पासाहेब काठी टेकत उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"नावाड्यानं मघाशीच कळवलं. तुम्हीही लपवाल, म्हणून धास्तावलो होतो. आधीच्या तिघांनी तेच केलं." त्यांनी आवाज खाली आणला. "आता माझं ऐका. लाँचच्या विम्याचा कागद माझ्याकडे सहीला आला होता. चष्मा सापडेना, म्हणून दोन महिने तसाच पडलाय. लाँचला विमाच नाही."

शेजारच्या खोलीत बैठकीला जमलेल्या विश्वस्तांच्या खुर्च्या सरकल्या.

"आधी कोण सांगणार?" तिनं विचारलं.

"तुम्ही. मी शेजारी उभा राहतो. मग मी बोलेन, तेव्हा तुम्ही जागच्या हलू नका."