कुठवर जातं

“हे कुठवर जातं?” ग्यानबांनी विचारलं.

मुन्ना वायर सोलता सोलता थांबला. वसमतला त्याचं साउंडचं दुकान होतं, वीस वर्षांचा धंदा. पण असा प्रश्न त्याला कुणी केला नव्हता. गिऱ्हाईक वॉट विचारतं, वॉरंटी विचारतं, मोबाइलला जोडता येतं का ते विचारतं.

“कुठवर म्हंजे, काका?”

“म्हंजे कोन्या गावापर्यंत?”

ग्यानबांची लेक पुनम हसली. “आबा, घरात पिक्चर पाहायला घेऊन राहिलो आपण. मंडप न्हाई टाकायचा.”

माडीवरची खोली पुनमने हौसेने सजवली होती. भिंतींना जाड फोम, खिडकीला दुहेरी पडदे, आणि समोर छातीइतके उंच दोन स्पीकर. पुण्याहून घरी परतताना तिने ते सोबत आणले होते. आता त्यांना चालवील असा ॲम्प्लिफायर तेवढा हवा होता. मुन्नाने दोन आणले होते. एक टिफिनच्या डब्याएवढा, दुसरा दोघांनी धरून जिना चढवलेला. ऐकून बघायचं, पसंत पडेल तो ठेवायचा, दुसरा तो परत नेणार. पुनमचं मन लहान्यावर बसलं होतं. खोली ती केवढीशी!

“आवाज खोलीच्या बाहेर जाऊच नये, असं बसवतेत काका हे,” मुन्नाने समजावलं. “शेजाऱ्याला तकलीफ न्हाई.”

ग्यानबांचा चेहरा उतरला. तीस वर्षं आसपासच्या गावांतली लग्नं या माणसाने भोंग्यावर वाजवली, आणि आता आपल्याच माडीवर हे ऐकायची पाळी आली. त्यांच्या काळी ॲम्प्लिफायरला मशीन म्हणत आणि त्याची ताकद गावांवर मोजत. दोन गावांचं मशीन, चार गावांचं मशीन. वॉटबिट कुणाला ठाऊक होते!

मुन्नाने लहान डबा जोडला. पुनमने मोबाइलवर सनई लावली. हळू होती तोवर गोड वाटली. आवाज वाढवला तशी चिरकायला लागली.

“बंद कर, बंद कर!” ग्यानबा उठलेच. “मशीन कमी पडलं की स्पीकर जळतो, पोरी. जास्तीनं न्हाई जळत तेवढा.”

“काका बराबर बोलून राहिले, ताई,” मुन्ना म्हणाला. “एवढ्या स्पीकरला दमाचं मशीन पाहिजे. मोठं घ्या अन् हळू वाजवा.”

“मी एवढ्या मोठ्यानं लावणारच न्हाई कधी,” पुनम म्हणाली. “मग उगाच ते धूड काहून ठेवू?”

तरी मुन्नाने धूड जोडलं. सनई उठली आणि खिडकीची काच थरथरली. ग्यानबांनी पडदे सारले, खिडकी सताड उघडली.

“आबा, खिडकी काहून उघडली? मग फोमचा उपयोग काय?”

“हट्टा तिकडं हाय.”

मुन्ना दोघांकडे बघत राहिला, तेव्हा ग्यानबांनी त्यालाच सांगितलं, “माझी थोरली बहीण हट्ट्याला दिली. हितून कोसभर. गावात कोनाचं बी लगीन असू दे, माझा एक भोंगा हट्ट्याकडं तोंड करूनच बांधलेला. आहेर पुकारता पुकारता मधीच सांगून टाकायचो, हट्ट्याच्या आक्काला कळावं, मायचा ताप उतरला. आक्का अंगणात उभी राहून ऐकायची.”

“अन् लग्नावाले?”

“चिडायचे. चिडू दे की.”

पुनमने हे कधी ऐकलं नव्हतं. नर्मदाआत्याचे गुडघे गेल्यापासून तिचं माहेरी येणं बंद झालं होतं, दोन वर्षं झाली. भावाबहिणीचा रोज फोन व्हायचा, पण जेवलीस का आणि जेवले, यापलीकडे दोघंही जात नसत. पुनमने सनई बंद केली, आबांच्या मोबाइलवरून आत्याला फोन लावला, स्पीकरवर टाकून आबांच्या हातात दिला आणि सनई पुन्हा लावली.

“आक्का, सनई लावली. येऊन राहिली का?”

“येऊन राहिली की फोनमधून.”

“फोनमधून न्हाई गं. तशी.”

पलीकडे बाज करकरली. मग नर्मदाबाई म्हणाल्या, “फोन ठेव मंग. अंगणात जाते. गुडघ्यानं येळ लागंल जरा.”

ग्यानबांनी फोन ठेवून मुन्नाला हाताने खूण केली. मुन्नाने बटणाकडे हात नेला, आणि लाईट गेली.

मशीनवरचा निळा दिवा विझला. सनई मधेच तुटली. इन्व्हर्टर होता, पण तो खालच्या मजल्यापुरता. मुन्नाने कपाळाला हात लावला.

“आत्याला सांगू का, लाईट गेली म्हणून?” पुनमने विचारलं.

“थांब. येईल.”

लाईट आली नाही. तिघं उघड्या खिडकीपाशी नुसते उभे राहिले. बाहेर हळदीच्या रानावर ऊन होतं आणि वाऱ्याची झुळूक नव्हती. पुनमला आत्या डोळ्यांपुढे दिसत होती, भिंत धरत धरत अंगणात निघालेली. दहा मिनिटांनी फोन वाजला.

“ग्यानू, आली रं!” नर्मदाबाईंना धाप लागली होती. “सनई आली. बराबर आली.”

पुनमने तोंड उघडलं, पण ग्यानबांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

“मोठी हाय का, आक्का?”

“लई मोठी. आमची सून बी ऐकून राहिली.”

फोन बंद झाला. ग्यानबा खिडकीबाहेर बघत राहिले. जरा वेळाने पुनमने टिफिनएवढा डबा उचलून मुन्नाच्या हातात दिला.

“हे घेऊन जा. मोठं राहू द्या.”

“ताई, लाईट आल्यावर एकदा नीट ऐकून तर घ्या.”

“कशाला?” पुनम म्हणाली. “आत्यानं ऐकलं ना.”