दिव्यांचं ऊन

तिसऱ्या खेपेलाही तेच. मोनिक आलेखाकडे बघत राहिली. आता तिला शेवाळापेक्षा स्वतःचीच शंका यायला लागली होती.

बाटलीत कार्बन डायऑक्साइड भरपूर सोडला, की समुद्री शेवाळाचं कार्बन ओढणारं जनुक झोपी जातं. साध्या हवेत, लख्ख उजेडात ते जागं होतं. तिच्याकडे मात्र साध्या हवेच्या बाटल्यांतही ते ढाराढूर. का? नळी तपासली, दिवे तपासले, सिलिंडरला साबणाचा फेस लावून गळती शोधली. काही नाही.

शेवाळाची खोली जेमतेम न्हाणीघराएवढी, पण उबदार आणि झगझगीत. हॅलिफॅक्सच्या फेब्रुवारीत मजल्यावरचं एकूण एक माणूस तिथे ऊन खायला येई. आजही शेजारच्या प्रयोगशाळेतली हेदर विणकाम घेऊन बसली होती. शिवाय हिशेब विभागातले दोघे.

"तुझ्या शेवाळालाही आमच्यासारखी हिवाळ्याची मरगळ आली असेल गं," हेदर म्हणाली.

मोनिकचा मार्गदर्शक ग्रॅहम आत शिरला. "दार लावा रे, ऊब जाते." मग तो फळीला रेलला. "हे बघ मोनिक, शुक्रवारपर्यंत जमलं तर ठीक. नाहीतर हे काम मी इनग्रिडला देतोय. चार वर्षं झाली."

चार वर्षं तिची गेली होती, त्याची नव्हे. हे बोलायला तिने मान वर केली आणि थबकली. भिंतीवर कार्बन डायऑक्साइडच्या गळतीचा इशारा देणारं यंत्र होतं. ते ओरडलं तरच लोक त्याच्याकडे बघत. आता ते गप्प होतं, पण आकडा चढत होता. सिलिंडर तर बंद.

ग्रॅहम बोलतच होता. त्याच्या हनुवटीखाली, फळीवर, माशांच्या टाकीचा छोटा पंप घुरघुरत होता. खोलीतली हवा ओढून साध्या हवेच्या बाटल्यांत सोडत होता.

"ग्रॅहम, बाहेर व्हा."

"काय?"

"सगळेच व्हा. शेवाळ तुमचे श्वास पितंय."

हिशेबवाले निघाले. हेदरने लोकर गुंडाळली. "म्हणजे आता ऊनही गेलं."

दार बंद झालं. आकडा जरासा उतरला. मोनिक खुर्ची ओढून यंत्रासमोर बसली, रोज बसायची तशीच, पंपाशेजारी.

आकडा थांबला. मग पुन्हा चढायला लागला.

आत अजून कोण राहिलंय, हे बघायला तिने मागे वळून पाहिलं. खोलीत ती एकटीच होती.