रंजीताचं पहिलं पान

“हिले नका घेऊ, भाऊ. रंजीताले घ्या,” शकुबाई म्हणाल्या.

सहा वर्षांची रीता बाबूभाईंच्या मांडीला टेकून आधीच पुस्तक उघडून बसली होती. पुस्तक उलटं होतं.

“काऊन? ही तं स्वतःहून आली.”

“ते खरं. पण सध्या रंजीताचा नंबर आहे.”

शकुबाईंनी भिंतीवरच्या फळ्याकडे बोट केलं. झाडलोट, पाणी, भांडी, पाहुणे. प्रत्येक कामापुढे खडूनं एकेका मुलीचं नाव. पाहुण्यांपुढे रंजीताचं होतं. सगळ्यांना सारखी संधी मिळते, हे बाबूभाईंना आवडलं. त्यांनी रीताच्या हातातून पुस्तक सोडवून घेतलं, तिला एक खडू दिला आणि तिकडे बसून चित्र काढ म्हणाले. ती रडली नाही. नुसती सरकून बसली.

मुलींचं हे बालगृह धानोऱ्याच्या पुढे, जंगलाच्या कडेला होतं. विलायतेतली एक संस्था तिथे एक ते तीन आठवड्यांसाठी स्वयंसेवक पाठवत असे. येणारे बहुतेक तरुण आणि गोरे असत. बाबूभाई अडुसष्ट वर्षांचे, मूळचे वरोऱ्याचे. वडिलांचं बाइंडिंगचं दुकान होतं. पंचविसाव्या वर्षी ते इंग्लंडला गेले आणि तिथल्या एका लहान गावाच्या वाचनालयात, लोकांनी परत केलेली पुस्तकं तीस वर्षं जागच्या जागी लावत राहिले. त्यांनी कधी कुणाला काही शिकवलं नव्हतं. मुलगा ताबिश लहान होता तेव्हा पुस्तक घेऊन जवळ येई, पण ते थकलेले असत. आता ताबिश चाळिशीचा होता आणि बापाशी थंडी-पावसापलीकडे बोलत नसे.

संस्थेच्या फॉर्मवर ‘आपण काय देऊ शकता?’ असा प्रश्न होता. दोन दिवस त्यांनी ती जागा कोरी ठेवली. मग लिहिलं, ‘एका मुलाला वाचायला शिकवीन.’ लिहिल्याबरोबर त्यांना लाज वाटली. खोडायला गेले, तोवर बायकोनं, हाजरानं, फॉर्म पाठवून दिला होता.

म्हणून हे तीन आठवडे. एक मुलगी, एक पान.

रंजीता दहा वर्षांची होती. शाळेत जायची, पण अक्षर लागत नाही, असं शकुबाई म्हणाल्या. पुस्तक शेळीच्या हरवलेल्या घंटेचं होतं, पानावर चार ओळी. रंजीता ‘घ’ला ‘ध’ म्हणायची, ‘ध’ला ‘घ’. बाबूभाई अर्ध्या पानावर असतानाच तिचा हात पान उलटायला जायचा. कंटाळली असेल, असं त्यांना वाटे. दोष आपलाच. खरा मास्तर असता तर पोरगी कंटाळली नसती.

दुपारी स्वयंपाकघरातून हाक येई, “रंजीता, ओव्याचा डबा आण वं!”

फळीवर पत्र्याचे अठरा डबे होते, सगळे एकसारखे, वर चिठ्ठ्या चिकटवलेले. रंजीता एकही न उघडता नेमका डबा काढून आणी. एवढी स्मरणशक्ती असलेल्या पोरीला आपल्याला चार ओळी शिकवता येत नाहीत, या विचारानं बाबूभाई मान खाली घालून जेवत. दुसऱ्यांदा भात घ्यायचा त्यांना संकोच वाटे.

“घ्या ना, भाऊ. पोरीइपेक्षा कमी जेवता,” शकुबाई म्हणत.

“काम केल्यावर घेईन, बाई.”

“तीन हप्ते उपाशी राहता का मंग?”

मुली हसत. रंजीता सगळ्यांत जास्त.

तिसऱ्या आठवड्यात अक्षरं जुळू लागली. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या मुली ओसरीवर बसल्या. रंजीतानं बोट ठेवलं.

“शे...ळी...ची घं...टा... ह...र...व...ली.”

मग दुसरी ओळ. मग तिसरी. चौथी तिनं न अडखळता वाचली. टाळ्या वाजल्या. रीतानंही खडूनं पांढरे झालेले हात वाजवले. बाबूभाई नळावर तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

शनिवारी सकाळी शकुबाईंनी अभिप्रायाची वही पुढे ठेवली. बाबूभाईंनी अर्धा तास लिहिलं. अक्षर वेडंवाकडं, एकात एक गुंतलेलं. शेळीचं पुस्तक त्यांनी रंजीताला देऊन टाकलं.

“आता रोज एक पान वाचशील ना?”

“हो, आजोबा.”

बसथांब्यावर आल्यावर लक्षात आलं, चष्मा ओसरीवरच राहिला. बस यायला पाऊण तास होता. ते परत निघाले. फाटक उघडंच होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज येत होता. कुणीतरी भरभर वाचत होतं.

“‘चाळीस वर्षांनी मराठी लिहितो आहे, अक्षराला हसू नये. माझ्या मुलाला मी कधी वाचून दाखवलं नाही. जन्मभर दुसऱ्यांची पुस्तकं लावत राहिलो. काल रंजीतानं एक पान वाचलं. माझ्या हातून एवढं एकच काम झालं, पण झालं.’ खाली दोन रेघा मारल्या आहेत, बाई.”

“सादा मानूस,” शकुबाई म्हणाल्या. “यावेळी लय दिवस लावले वं तू, रंजीता.”

“तीन हप्ते होते ना त्याइचे. मागच्या मॅडमचे नऊच दिवस होते, म्हणून तवा नवव्या दिवशी वाचलं.”

“बरं, फळा पूस. सोमवारी नवीन पाहुणे येऊन राह्यले.”

“रीताचं नाव लिहू? रोज इचारते, माहा नंबर कवा येते म्हणून.”

“नोको वं. तिले खरंच वाचता येत नाई.”